यदृच्छेचा आभास आणि गुप्ततेचे गणित

गुप्त संदेशांच्या शास्त्राविषयी सुशिक्षित समाजात एक समजूत घट्ट रुजलेली आहे. मजकूर जितका अधिक विस्कटावा, शून्य-एकांची रास जितकी अधिक अस्ताव्यस्त दिसावी आणि ती विस्कटण्याची रीत जितकी दडवून ठेवावी, तितका तो मजकूर सुरक्षित, असे ही समजूत सांगते. आणि ज्या काळात बँकेच्या खात्यापासून घरगुती संभाषणापर्यंत आपले सर्व काही या शास्त्राच्या हवाली झाले आहे, त्या काळात यंत्रणा उभारणाऱ्या कित्येक अभियंत्यांचाही तिच्यावर भरवसा असावा, ही गोष्ट मला चिंतेची वाटते. अव्यवस्था आणि गुप्तता या दोन वस्तू एक मानणे ही उथळ कल्पना आहे, आणि तिच्यावर विसंबून उभारलेल्या यंत्रणा एकामागून एक कोसळल्या आहेत.

माझे प्रतिपादन असे की, गुप्ततेचा आधार अत्यंत काटेकोर अशी व्यवस्था हाच आहे. ही व्यवस्था काही मोजता येण्याजोग्या गणिती गुणांची बनलेली असते. आणि हे गुण पुष्कळदा परस्परविरोधी असल्यामुळे ते सर्व एकाच ठिकाणी पूर्णांशाने नांदू शकत नाहीत. कूटयंत्रणा रचणाऱ्याचे खरे काम म्हणजे या गुणांमधील तंट्याचा निवाडा करणे होय.

१. प्रश्नाची मांडणी

कूटलेखनाच्या एका मोठ्या शाखेत मूळ मजकूर प्रथम शून्य आणि एक या दोन अंकांच्या रांगेत मांडतात, तेवढ्याच लांबीची दुसरी एक रांग, जिला आपण किल्ली-क्रमिका म्हणू, तिच्याखाली लिहितात, आणि अंकाखाली अंक घेऊन अशी बेरीज करतात की, दोन्ही अंक सारखे असले तर ० यावा आणि भिन्न असले तर १. ज्याच्यापाशी तीच क्रमिका आहे त्याने तीच बेरीज पुन्हा केली की मूळ मजकूर परत हाती येतो. क्रमिका खरोखर यादृच्छिक असेल, मजकुराइतकीच लांब असेल आणि एकदाच वापरली जाईल, तर प्रतिपक्षाचे गणनसामर्थ्य कितीही असो, त्याला मजकुराच्या लांबीपलीकडे काहीही कळू शकत नाही, हे क्लॉड शॅननने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केले आहे. पण या पूर्ण अभयाची किंमत फार मोठी पडते. १९४२ च्या सुमारास सोव्हिएत अंमलदारांनी अशा क्रमिकांची काही पाने दुबार वापरात आणली, आणि तेवढ्या एका गफलतीच्या आधाराने अमेरिकेच्या ‘व्हेनोना’ प्रकल्पात कित्येक खलित्यांचा काही अंशी उलगडा झाला.

म्हणून व्यवहारात ऐंशी किंवा एकशे अठ्ठावीस बिटांची आखूड किल्ली घेऊन तिच्यातून लाखो बिटांची क्रमिका निर्माण करणारे यंत्र योजावे लागते. आता हे यंत्र सान्त आहे आणि नियमबद्ध आहे. तेव्हा त्यातून निघणारी क्रमिका यादृच्छिक असणे तत्त्वतःच अशक्य. मग ती केवळ तशी ‘दिसावी’ एवढ्यावर आपण समाधान मानतो, आणि येथेच सामान्य समजुतीची चूक सुरू होते. कारण कोणाला दिसावी, आणि कोणत्या साधनाने पाहिल्यावर दिसावी, हे ती विचारीतच नाही.

२. सम वाटणी म्हणजे अनाकलनीयता नव्हे

यदृच्छेच्या बाह्य लक्षणांची व्यवस्थित मांडणी सॉलोमन गोलोंब या अमेरिकन गणितज्ञाने केली. त्याने तीन कसोट्या घातल्या. एका आवर्तनात शून्ये आणि एक जवळजवळ समसमान असावेत. सलग सारख्या अंकांच्या पट्ट्यांपैकी निम्म्या एक लांबीच्या, पाव दोन लांबीच्या, अशा क्रमाने असाव्यात. आणि क्रमिका स्वतःवरच सरकवून ताडून पाहिली असता जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या जागांमधील अंतर प्रत्येक सरकीला एकच आणि अत्यल्प राहावे.

या तिन्ही कसोट्यांना उतरणारी एक क्रमिका मराठी वाचकाच्या तोंडात लहानपणापासून आहे. वृत्ते शिकताना आपण ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ करतो. यातील कोणतीही सलग तीन अक्षरे घ्यावीत, की पहिल्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो: यमाता म्हणजे य-गण, मातारा म्हणजे म-गण, आणि याप्रमाणे लघुगुरूंच्या आठही त्रयी या दहा अक्षरांत एकेकदाच येतात. शेवटची दोन अक्षरे लघु-गुरू आहेत आणि पहिली दोनही तशीच. तेव्हा ती एकमेकांवर ठेवली की आठ अक्षरांचे एक वर्तुळ तयार होते. या वर्तुळातील एक लघु, म्हणजे आरंभीचा ‘य’, काढून टाकावा आणि उरलेली सात अक्षरे ‘मा ता रा ज भा न स’, गुरूला १ आणि लघूला ० मानून, चक्राकार वाचावीत. गुरू चार, लघु तीन. पट्ट्या चार, त्यांपैकी दोन एक लांबीच्या, एक दोन लांबीची, एक तीन लांबीची. कितीही घरे सरकवून ताडून पाहिली तरी जुळणाऱ्या जागा नेहमी तीन आणि न जुळणाऱ्या चार. गोलोंबच्या कसोट्यांत उणे काढायला जागा नाही.

आणि तरीही या सात अक्षरांत गुप्त असे काहीही नाही. त्यांचा सारा नियम एका वाक्यात सांगता येतो: प्रत्येक अक्षरासाठी त्याच्या लगतचे मागचे आणि तिसरे मागचे अशी दोन अक्षरे पाहावीत, ती सारखी असली तर लघु, भिन्न असली तर गुरू. ‘ज’ लघु का, तर मागे ‘रा’ आणि ‘मा’ दोन्ही गुरू. ‘भा’ गुरू का, तर मागे ‘ज’ लघु आणि ‘ता’ गुरू. ज्या यंत्राला अभियंते रेषीय शिफ्ट रजिस्टर म्हणतात ते तीन घरांचे यंत्र नेमके हेच करते. घरे तीनऐवजी शंभर केली आणि जोडणी योग्य बहुपदीनुसार ठेवली, तर आवर्तन २ च्या शंभराव्या घातात एक उणे इतके लांब होते, तिन्ही कसोट्या तशाच पाळल्या जातात, आणि दुबळेपणाही तसाच्या तसा राहतो.

तो दुबळेपणा किती, हे १९६८-६९ मध्ये स्पष्ट झाले. एल्विन बर्लेकँप याने चूक-दुरुस्तीच्या संकेतांसाठी शोधलेली एक रीत जेम्स मॅसी याने शिफ्ट रजिस्टरांना लावून दाखविली: क्रमिकेची रेषीय जटिलता, म्हणजे तिला निर्माण करू शकणाऱ्या लहानात लहान रेषीय रजिस्टराची लांबी, ‘ल’ असेल, तर तिचे लागोपाठचे २ल बिट हाती आले की ते संपूर्ण यंत्र उभे करता येते. शंभर घरांच्या यंत्राला दोनशे बिट. पत्राच्या आरंभी ठरावीक मायना असतो एवढे प्रतिपक्षाला ठाऊक असले, तरी तेवढे बिट त्याच्या हाती आपसूक पडतात.

३. जटिलतेचा आकडाही एकटा पुरत नाही

मग रेषीय जटिलता वाढवावी, असे कोणी म्हणेल, आणि ते आवश्यकही आहे. परंतु हजार बिटांची अशी क्रमिका घ्यावी की जिच्यात नऊशे नव्याण्णव शून्ये आणि शेवटी एकच एक आहे. तिची रेषीय जटिलता पूर्ण हजार आहे, याहून अधिक असूच शकत नाही. आणि तिच्यासारखी निरुपयोगी किल्ली दुसरी नाही. एक बिट बदलला की हजाराची जटिलता शून्यावर येते. म्हणून जटिलता क्रमिकेच्या लांबीबरोबर कशी वाढत जाते, आणि थोडे बिट इकडेतिकडे केल्यावर ती कितपत टिकते, हेही मोजावे लागते. एका गुणाच्या परमोत्कर्षावरून यंत्रणेची परीक्षा करणे किती धोक्याचे, याचा हा पहिला दाखला.

४. तीन रजिस्टरे आणि एक फलन

रेषीयता मोडण्याचा सरळ मार्ग म्हणजे अनेक रजिस्टरांचे उत्पादन एका द्विमान फलनातून गाळून घेणे. द्विमान फलन म्हणजे असा नियम की, ज्याला काही शून्य-एक द्यावेत आणि ज्याने एकच शून्य किंवा एक परत द्यावा. १९७३ साली गेफ या अभियंत्याने सुचविलेली रचना या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्याची तीन रजिस्टरे क्ष, य आणि झ असे बिट देतात. य जर १ असेल तर क्ष बाहेर जातो, आणि य जर ० असेल तर झ. हे फलन समतोल आहे, म्हणजे आठ शक्यतांपैकी चारांत ० आणि चारांत १ देते. तीन चलांच्या फलनात रेषीय फलनांपासून जितके दूर जाता येते तितके ते दूर आहे. आणि रजिस्टरांच्या लांब्या १७, १९ आणि २३ ठेवल्या, तर क्रमिकेची रेषीय जटिलता १७ गुणिले १९, अधिक १९ गुणिले २३, अधिक २३, म्हणजे ७८३ होते. किल्ली ५९ बिटांची. सर्व किल्ल्या तपासू म्हटले तर सुमारे पावणेसहा परार्ध.

आता तोच तक्ता निराळ्या दृष्टीने वाचावा. य जर १ असेल तर बाहेर येणारा बिट क्षच असतो. य जर ० असेल तर झ बाहेर येतो, आणि तोही निम्म्या वेळा क्षशी जुळतो. म्हणजे चारांपैकी तीन वेळा बाहेरचा बिट क्षशी जुळतो. तीच गोष्ट झची. थॉमस सिगेनथालर याने १९८५ मध्ये याचा फायदा घेणारी रीत प्रसिद्ध केली. पहिल्या रजिस्टराच्या सर्व आरंभस्थिती एकेक करून लावाव्यात. चुकीची स्थिती निम्म्या जागी जुळेल, बरोबर स्थिती पाऊण जागी. ती सापडली की तिसरे रजिस्टर तसेच, आणि मग मधले. गुणाकाराच्या जागी बेरीज आली: १,३१,०७२ अधिक ८३,८८,६०८ अधिक ५,२४,२८८, म्हणजे एकूण सुमारे नव्वद लाख तपासण्या. पावणेसहा परार्धांचा कोट नव्वद लाखांत पडला, आणि हे बाहेरच्या क्रमिकेत अव्यवस्थेची कोणतीही उणीव नसताना!

येथे गेफला दोष देण्याचा मोह होतो, पण तो अन्याय ठरेल. सिगेनथालरनेच १९८४ मध्ये सिद्ध केले होते की, ‘न’ चलांचे समतोल फलन जर कोणत्याही ‘म’ चलांशी सहसंबंध दाखवीत नसेल, तर त्याची बैजिक कोटी, म्हणजे बहुपदीच्या रूपात लिहिले असता येणारा मोठ्यात मोठा घात, न – म – १ यापेक्षा अधिक असू शकत नाही. (म अगदी नच्या जवळ पोहोचतो तेवढी एक कड वगळून.) तीन चले घ्या आणि एकट्या एकट्या चलाशी सहसंबंध नको म्हणा: कोटी एक, अर्थात फलन रेषीय! मग जटिलता ७८३ वरून ५९ वर उतरते आणि ११८ बिटांत सारे यंत्र उघडे पडते. सहसंबंधाला थारा न देणे आणि रेषीयतेपासून दूर राहणे, हे दोन गुण तीन चलांच्या घरात एकत्र राहतच नाहीत. गेफऐवजी दुसरा कोणी असता तरी त्याला यांपैकी एकाला दार दाखवावेच लागले असते. चलांची संख्या वाढविली, किंवा फलनाला मागील हिशेबातील हातचा लक्षात ठेवण्याची मुभा दिली, तर हा पेच सैल होतो, पण मग त्या स्मृतीतून झिरपणाऱ्या सहसंबंधांचे नवे प्रश्न उभे राहतात.

५. परिपूर्ण अरेषीयतेचे मोल

या तंट्याचे मूळ कोठे आहे? फलनाचा प्रत्येक रेषीय फलनाशी असलेला सहसंबंध मोजून त्या सर्व संख्यांच्या वर्गांची बेरीज केली, तर ती बेरीज फलन कोणतेही असो, ठरलेलीच येते. हे विधान पार्सेव्हालच्या नावाने ओळखले जाते, आणि मला ते या शास्त्राचे हृदय वाटते. हा असा जमाखर्च आहे की, ज्यात एका खात्यावरची रक्कम कमी केली की ती दुसऱ्या खात्यावर निघालीच पाहिजे. तेव्हा सर्वांत चांगली तजवीज म्हणजे सर्व खात्यांवर सारखी रक्कम. ज्या फलनांत हे साधते त्यांचा अभ्यास ऑस्कर रोथॉस याने केला, आणि त्याचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यांना इंग्रजीत ‘बेंट’ म्हणजे वाकलेली फलने म्हणतात.

त्यांतले लहानसे उदाहरण चार चलांचे: अब + कड, जेथे बेरीज वर सांगितलेलीच. कोणतेही रेषीय फलन, किंवा त्याचे उलटे, याच्याशी सोळा शक्यतांपैकी किमान सहा जागी फटकतेच. चार चलांत याहून अधिक दूर जाणे शक्य नाही. पण हे फलन १ किती वेळा देते ते मोजावे: सोळांपैकी सहा वेळा. ते समतोल नाही, आणि कोणतेही वाकलेले फलन समतोल असू शकत नाही. कारण समतोल असणे याचा अर्थच स्थिर फलनाच्या खात्यावर शून्य रक्कम ठेवणे, आणि येथे तर कोणतेच खाते रिकामे नाही. त्याच कारणाने सहसंबंधापासूनची मुक्तताही त्यांना नाही. एका दृष्टीने परिपूर्ण असलेले हे फलन जसेच्या तसे गाळणीत बसविले, तर क्रमिकेत शून्यांचे पारडे जड होऊन पहिल्याच कसोटीत यंत्र नापास होईल.

६. कोटी मोठी, पण पोकळ

फलनाची बैजिक कोटी मोठी असली की प्रतिपक्षाची समीकरणे न सुटण्याइतकी बिकट होतील, असा विश्वास दीर्घकाळ होता. जपानमधील सरकारी मूल्यमापनासाठी सादर झालेल्या टोयोक्रिप्ट या यंत्रणेत १२८ घरांचे रजिस्टर आणि ६३ कोटीचे फलन होते. २००३ साली निकोला कुर्त्वा आणि विली मायर यांनी दाखविले की, या फलनात दोनांपेक्षा मोठ्या घाताची जी तीन पदे आहेत, घात ४, १७ आणि ६३ ची, त्या तिन्हींत एक चल सामाईक आहे. त्या चलात १ मिळवून संपूर्ण फलनाला गुणले की ती तिन्ही पदे नाहीशी होतात, कारण या अंकगणितात चल आणि त्याच्या उलट्याचा गुणाकार नेहमी शून्य. उरते ते तीन कोटीचे समीकरण. आणि १२८ चलांतील तीन कोटीपर्यंतची पदे सुमारे साडेतीन लाखच असल्याने, प्रत्येक पदाला स्वतंत्र अज्ञात मानले तर प्रश्न शाळेतल्या एकसामयिक समीकरणांचा होतो, फक्त आकाराने मोठा. तेव्हापासून फलनाची ‘बैजिक प्रतिकारक्षमता’, म्हणजे त्याला किंवा त्याच्या उलट्याला शून्य करणाऱ्या लहानात लहान कोटीच्या फलनाची कोटी, हा नवा गुण यादीत आला. तो चलांच्या संख्येच्या निम्म्यापेक्षा (विषम असल्यास वरच्या पूर्णांकापेक्षा) मोठा होऊ शकत नाही.

७. काही हरकती

पहिली हरकत अशी की, हे सारे रजिस्टरांच्या जुन्या जमान्याचे गणित आहे. आजच्या यंत्रणा निराळ्या. पण आजच्या ठोकळा-कूटांतील, म्हणजे मजकुराचे ठरावीक लांबीचे ठोकळे करून ते विस्कटणाऱ्या कूटांतील, ज्या कोष्टकातून आठ बिट आत जातात आणि आठ बाहेर येतात, ते कोष्टक म्हणजे आठ द्विमान फलनांचा जुडगाच असतो. अमेरिकेच्या ‘डेस’ या प्रमाण कूटाच्या पाचव्या कोष्टकात एक रेषीय संबंध चौसष्टांपैकी बत्तीस वेळा खरा ठरण्याऐवजी बाराच वेळा ठरतो, एवढ्या एका असमतोलाच्या आधाराने मित्सुरू मात्सुई याने १९९४ मध्ये १२ संगणकांवर ५० दिवसांत किल्ली शोधून काढली. उलट २००१ मध्ये प्रमाण ठरलेल्या ‘एईएस’चे कोष्टक पाहावे. ते कोणी अस्ताव्यस्त आकडे भरून केलेले नाही. २५६ घटकांच्या सान्त क्षेत्रात प्रत्येक संख्येचा व्यस्त घ्यावा, एवढेच त्याचे बीज, आणि या व्यस्ताचे गुण कैसा न्यूबर्ग हिने १९९३ मध्येच मांडले होते. त्यातील प्रत्येक फलन कोणत्याही रेषीय फलनापासून किमान ११२ जागी दूर राहते. चिठ्ठ्या टाकून केलेली कोष्टके सामान्यतः या आकड्याच्या बरीच खाली पडतात. बीजगणितातील एक साधी सुंदर क्रिया यदृच्छेला मागे टाकते, यापेक्षा माझ्या प्रतिपादनाला बळकट आधार मी दुसरा देऊ शकत नाही.

दुसरी हरकत: फलनच दडवावे. १८८३ मध्येच ऑग्यूस्त केर्कहॉफ्स याने लिहून ठेवले होते की, यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होऊ नये. तरीही मोबाइल दूरध्वनींसाठी १९८७ च्या सुमारास रचलेले ए५/१ हे कूट गुप्त ठेवले गेले. १९९९ पर्यंत यंत्र उलगडून त्याची १९, २२ आणि २३ घरांची तीन रजिस्टरे सर्वांसमोर आली, आणि पुढच्याच वर्षी बिर्युकोव्ह, शमीर आणि वॅग्नर यांनी, पूर्वतयारीची कोष्टके एकदा करून ठेवल्यावर, ते साध्या संगणकावर फोडून दाखविले. दडविण्याने एवढेच साधले की, ज्यांनी उणिवा वेळेवर दाखविल्या असत्या त्यांचे डोळे बांधले गेले.

तिसरी हरकत अधिक गंभीर आहे आणि तिच्यात तथ्य आहे. १९८२ मध्ये अँड्र्यू याओ याने, आणि त्याच सुमारास ब्लुम व मिकाली यांनी, असा सिद्धांत मांडला की, ज्या क्रमिकेला कोणतीही व्यवहार्य गणनक्रिया यदृच्छेपासून वेगळी ओळखू शकत नाही ती कूटलेखनास पुरेशी आहे. मग यादृच्छिक ‘दिसणे’ हाच निकष झाला की नाही? झाला खरा, पण त्या व्याख्येत ‘कोणतीही’ या शब्दावर सारा भार आहे. त्या ‘कोणतीही’त मॅसीची रीत येते, सिगेनथालरची येते, कुर्त्वा आणि मायर यांची येते, आणि उद्या ज्याला सुचेल त्याचीही येते. म्हणून मी असा दावा करीत नाही की वरील गुण असले म्हणजे सुरक्षितता सिद्ध झाली. ते अवश्य आहेत, पर्याप्त नाहीत. माझे म्हणणे एवढेच की, ज्या हल्ल्यांचा गणिती दाखला आपल्यापाशी आहे त्यांच्याविरुद्धचा बंदोबस्त मोजून करता येतो, आणि डोळ्यांना भासणारा गोंधळ त्या मोजणीची जागा घेऊ शकत नाही.

८. जे अद्याप सुटलेले नाही

हे गुण मोजता येतात म्हणून ते सहज मिळवता येतात असे मात्र नव्हे. आठ चलांची फलने २ चा २५६वा घात इतकी आहेत. एकेक तपासणे मनुष्याच्या आवाक्यातले नाही. त्यांतील वाकलेली फलने रेषीयांपासून १२० जागी दूर असतात, पण समतोल नसतात. समतोल फलनांत ११६ पर्यंत पोहोचता येते, आणि ११८ गाठणारे समतोल फलन अस्तित्वात आहे काय, हा प्रश्न या क्षेत्रात दशकानुदशके लटकलेला राहिला आहे. विषम चलांची स्थिती आणखी अवघड, कारण तेथे वाकलेली फलने मुळीच नसतात. पंधरा चलांत रूढ मर्यादा ओलांडता येते हे पॅटरसन आणि वीडेमान यांनी १९८३ मध्ये दाखविले. नऊ चलांत मात्र २४० या रूढ मर्यादेच्या पुढे काही आहे की नाही, हे त्यानंतरही वीस वर्षांहून अधिक काळ कोणाला सांगता येत नव्हते.

ती कोंडी फुटली ती शोधाची जागा शहाणपणाने आकुंचित केल्यामुळे. तुर्कस्तानातील सेल्चुक काउत आणि मेलेक युजेल यांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सुभमय मैत्र यांच्यासह केवळ अशीच फलने विचारात घेतली की, चलांची चक्राकार अदलाबदल केली तरी ज्यांचे उत्तर बदलत नाही. या अटीने ५१२ ओळींचा तक्ता साठ गटांत बसतो, आणि २ च्या ५१२व्या घाताऐवजी साठावा घात उरतो. त्या साठ गटांतून उताराच्या दिशेने पावले टाकीत त्यांनी २४१ चे फलन काढले. पुढे काउत आणि युजेल यांनी सममितीची अट किंचित सैल करून २४२ गाठले. पार्सेव्हालच्या जमाखर्चाने घातलेली वरची मर्यादा २४४ आहे.